बॅकवर्ड पास

"परत जाणार कधी?"

कुवेतमध्ये मला विचारला गेलेला हा पहिला मराठी प्रश्न. अबू हलीफातल्या त्या इमारतीची लिफ्ट बंद होती. नवऱ्याच्या खांद्यावर गादी, माझ्या एका हातात कुकर आणि दुसऱ्या हातात देवांचा डबा, अशी आमची वरात चौथ्या मजल्यावर पोचली, तर समोरच्या दारात एक उंच, वाळके गृहस्थ या पायावरून त्या पायावर होत उभे होते. मी म्हटलं, "अहो, आत्ता तर येतोय."

"ते दिसतंय हो वहिनी. पण शेवट ठरला की मधलं सगळं आपोआप बसतं."

एवढं बोलून ते आत गेले, लगेच बाहेर आले, माझ्या हातातला कुकर काढून घेतला, आमच्या ओट्यावर नेऊन ठेवला आणि पुन्हा आपल्या घरात गडप झाले. मला हे काही आवडलं नाही. मी सांगलीची. आमच्याकडे नव्या शेजाऱ्याला आधी पाणी विचारतात. नवरा म्हणाला, "आमचे प्लॅनिंगवाले साहेब आहेत ते. मनावर घेऊ नकोस." मी घेतलं. बरेच दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत असे, आणि तेही दाराच्या फटीतून.

त्यांचं काम काय, हे मला नवऱ्यानं जेवताना समजावलं होतं. रिफायनरीचा एखादा भाग काही वर्षांनी पूर्ण बंद करतात, उघडतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालू करतात. त्याला शटडाउन म्हणायचं. पुन्हा चालू करायची तारीख आधी ठरते, आणि मग तिथून एकेक पायरी मागे येत काढायचं, की कुठलं काम केव्हा सुरू झालं पाहिजे. हा बॅकवर्ड पास. सुरुवातीपासून पुढे मोजत जायचं तो फॉरवर्ड पास. प्लॅनिंगवाल्याला दोन्ही करावे लागतात म्हणे. आमच्या शेजाऱ्यांनी ऑफिसात दोन्ही केले असतील. घरी मात्र त्यांनी एकच पत्करला होता.

पेपर ते शेवटच्या पानावरून वाचायचे. ताटातलं गोड आधी संपवायचे, मग वरणभाताकडे वळायचे. कोणी सिनेमाची कॅसेट दिली तर शेवट आधी बघून घ्यायचे, आणि तो पटला तरच बाकीचा सिनेमा लावायचे. तोही बसून नाही, दाराच्या चौकटीला टेकून. गणपतीला आमच्या मंडळाच्या मीटिंगमध्ये मूर्ती कुठून आणायची यावर सगळे तावातावानं बोलत असत, आणि हे मधेच विचारायचे, "विसर्जनाच्या बादलीचं काय ठरलं?" लोक हसायचे. पण बादलीचं खरंच काही ठरलेलं नसायचं.

शांत बसणं त्यांना माहीत नव्हतं. जेवायला बोलावलं की ते आठाच्या ठोक्याला येत आणि आल्याआल्या निघायच्या वेळेचा हिशेब लावत. बोलताना किल्ल्या वाजवत. आपल्या घरात ते खोलीतून खोलीत फिरत असायचे, आणि भिंत पातळ असल्यामुळे त्यांच्या स्लीपरचा फटफटाट मला पोळ्या लाटताना ऐकू यायचा. मी स्वतःच त्या दिवसांत पिंजऱ्यातल्यासारखी होते. नवरा साइटवर, बाहेर ऊन, खिडकीला धुळीची पुटं. त्यात शेजारच्या भिंतीतून हा फटफटाट. कधीकधी वाटायचं, जाऊन सांगावं, अहो, एकदाचं टेका कुठेतरी.

मग कळलं, की त्यांची बायको आम्ही यायच्या आदल्या वर्षी गेली. आजार महिन्याभराचा. मुलगी रेवा तेव्हा पहिलीत. नाशिकहून बहीण आली, म्हणाली, पोरीला मी नेते. यांनी नाही म्हणून सांगितलं. "शेवटी माझ्याकडेच यायची ना? मग पाठवायची कशाला?" बहीण चिडून परत गेली. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, बकाल्यातून, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध आणताना, चालता चालता, आणि सांगून झाल्यावर माझ्या पुढे निघून गेले. त्यानंतर मी दार पूर्ण उघडायला लागले.

रेवा गंभीर मुलगी होती. बापानं घातलेल्या दोन वेण्या, एक कानाच्या वर, एक खाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्लिशमध्ये. डब्यात रोज बकाल्यातला ब्रेड आणि जॅम. मी एकदा थालीपीठ दिलं तर तिनं सभ्यपणे खाल्लं आणि म्हणाली, "थँक यू काकू, इट्स व्हेरी इंटरेस्टिंग."

त्या ब्रेडमुळेच एक पुस्तक त्यांच्या घरात आलं. कंपनीत एक जपानी इंजिनिअर होता, काम संपवून परत निघालेला. त्यानं बाप रेवाचा डबा कसा भरतो ही कथा कधीतरी ऐकली होती. जाताना त्यानं एक जाडजूड चित्रकथांचं पुस्तक यांच्या टेबलावर ठेवलं. वर्तमानपत्रासारखा खरखरीत कागद, दोन्हीकडची कव्हरं फाटून गेलेली, आणि पानापानावर पाव. पाव मळणारे, पाव भाजणारे, पाव खाऊन हवेत उडणारे लोक. अक्षर सगळं जपानी. देणारा दुसऱ्या दिवशी विमानात बसला, आणि ते कसं वाचायचं हे विचारायला कोणी उरलं नाही.

आमच्या शेजाऱ्यांना विचारायची गरजही वाटली नाही. त्यांनी ते आपण उघडतो तसं उघडलं आणि कामाला लागले. आठवड्याभरानं ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते.

"वहिनी, हे पुस्तक प्लॅनिंगवाल्यानं लिहिलंय. पानांचे आकडे बघा. मोठ्यापासून लहानाकडे. काउंटडाउन. आणि रेसिपी बघा. आधी तयार पाव दाखवलाय, मग ओव्हन, मग गोळा, मग पीठ. डिलिव्हरेबल आधी. बॅकवर्ड पास."

नवरा म्हणाला, "साहेब, मग गोष्टही उलटी असेल की."

"नाही नाही. गोष्ट सरळ आहे. रेसिपी बॅकवर्ड, स्टोरी फॉरवर्ड. दोन्ही एकाच पुस्तकात. ह्याला म्हणतात जपानी डोकं."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आमटीकडे पाहिलं. वरिष्ठ माणूस होता.

गोष्ट त्यांनी चित्रांवरून लावली होती ती अशी. एक पोरगी असते. पहिल्याच पानावर ती जगातला सर्वांत मोठा पावाचा कप जिंकते. झेंडे, फुलं, टाळ्या. तिच्या आसपास मंडळी. एक जबड्या मास्तर, ज्याची हनुवटी चित्राच्या चौकटीबाहेर जाते. दोन जाडे भाऊ, जे काहीही खाल्लं की रडतात. एक बारीक परीक्षक बाई, जी एक घास खाऊन उरलेला पाव खिडकीतून फेकते. आणि एक छत्रीवाली, पोरीची जिवलग मैत्रीण, कपाच्या वेळी तिला मिठी मारणारी. पण पोरीला कळतं की ह्या कपात काही राम नाही. मग ती एकेक सोडत जाते. कप देऊन टाकते. मोठ्या बेकरीतून निघून लहान बेकरीत येते आणि तिथे झाडू मारायला लागते.

"कप मिळाल्यावर झाडू कोण मारतं?" मी विचारलं.

"जपानी मारतात. ह्याला वैराग्य म्हणतात, वहिनी."

शेवटी ती आगगाडीत बसते. खिडकीत रडत असते. स्टेशनवर तिचा बाप हात वर करून उभा असतो, तिला बोलावत. मग दोघं घरी, एका लहानशा स्वयंपाकघरात, एकाच परातीत पीठ मळत. आणि त्या शेवटच्या पानांवर पोरगी लहान काढलेली आहे. चांगली पाच-सहा वर्षांची, स्टुलावर उभी.

"ती लहान कशी झाली?" हेही मीच विचारलं. मला गप्प बसवत नाही.

त्यावर ते चक्क थांबले. किल्ल्याही थांबल्या. "घरी आलं की माणूस लहान होतं," ते म्हणाले. "बापासमोर तर होतंच."



त्या दिवसापासून आमच्या इमारतीत भूमिकांचं वाटप झालं. माझा नवरा रडक्या भावांपैकी धाकटा, कारण त्याला काहीही वाढा, तो वा वा करतो. आमचा मिसरी हारिस, म्हणजे इमारतीचा इजिप्शियन रखवालदार, जबड्या मास्तर. मी परीक्षक बाई. दर शुक्रवारी सकाळी शेजाऱ्यांच्या घरी पाव भाजला जाई आणि त्यातला एक निकालासाठी माझ्याकडे येई. पहिल्या पावानं दार अडवता आलं असतं. तसं मी सांगितलं. ते खुश झाले. "बघा, अगदी बरोबर भूमिका दिलीय मी तुम्हाला." दुसरा आतून ओला होता. तिसरा मी खरंच खिडकीतून फेकणार होते, पण खाली हारिसची सायकल होती.

उन्हाळ्यात तर पावाचे नुसते हाल. कुवेतला जून ते सप्टेंबर गार पाण्याच्या नळाला उकळतं पाणी येतं, गच्चीवरची टाकी तापलेली असते. त्यामुळे आम्ही सगळे गीझर बंद ठेवून त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचो. पीठ मळायला ते त्या गीझरचं पाणी घ्यायचे, तरी गोळा अर्ध्या वेळात फुगून परातीबाहेर यायचा आणि हे घरभर त्याच्यामागे धावायचे. पण हळूहळू जमायला लागलं. एका शुक्रवारी मी पावाचा घास घेतला आणि काही बोललेच नाही. नुसतं लोणी काढलं. ते दारातच उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या सुरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता पुढचा तिळाचा," आणि निघून गेले. झालेल्या पावात त्यांना कधीच रस नसायचा. तो खायला रेवा होती.

इराकमध्ये लढाई सुरू झाली त्या वर्षी बऱ्याच कंपन्यांनी बायकामुलांना गावी पाठवलं. मी हट्टानं राहिले. त्यांनी रेवाला पाठवलं नाही, कारण त्यांचं ठरलेलं होतं: "परत यायचंच आहे ना? मग जायचं कशाला?" विषारी वायूच्या क्षेपणास्त्रांच्या भीतीनं आमच्या बेडरूमच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या लावल्या होत्या. सायरन झाला की दोन्ही घरांनी तिथे जमायचं असं ठरलं. पहिला सायरन वाजला तेव्हा सकाळचे दहा-अकरा असतील. मी मधल्या काळात झालेल्या माझ्या लहानग्या लेकीला काखेत मारून धावले. मागोमाग रेवा आली. आणि तिच्यामागून हे आले, दोन्ही हातांत पंच्यानं झाकलेली परात घेऊन.

"अहो, हे काय?"

"मध्यावर आहे, वहिनी. सोडून कसं यायचं?"

चार-पाच माणसं, एक परात, बंद खोली, बाहेर तो सायरन. लेक रडायला लागली. तेव्हा त्यांनी पंच्याखालून पुस्तक काढलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. रडके भाऊ असे रडायचे की माझी लेक रडायची थांबून हसायला लागली. रेवा त्यांच्या शेजारी बसून पानं उलटत होती. बारा वर्षांची झाली होती. ती एकेक पान फार जपून उलटत होती, आणि स्टेशनचं चित्र आलं तेव्हा तिनं पुस्तकाकडे न बघता बापाच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं, पोर घाबरलीय. सायरन संपल्याचा दुसरा सायरन झाला तेव्हा पीठ पंचा उचलून वर आलं होतं. तो पाव आम्ही सगळ्यांनी मिळून गरमच खाल्ला. एवढा चांगला पाव मी पुन्हा खाल्लेला नाही, आणि तो खाताना ते पहिल्यांदा आमच्याकडे खाली मांडी घालून बसले.

रेवा बारावीला गेली तेव्हा ती पाव बापापेक्षा चांगला करत होती. आणि तेव्हाच तिनं सांगितलं, की मुंबईला जाऊन बेकरीचंच शिक्षण घ्यायचंय. कॉलेज, होस्टेल, तीन वर्षं. पुढे जमलं तर आणखी लांब. तिनं हे आधी मला सांगितलं, एगैलाच्या मॉलमध्ये, माझ्या लेकीला बूट घेताना. "काकू, बाबा विल नॉट से नो. ही विल जस्ट स्टार्ट फ्रॉम द एंड." तिचा अंदाज तंतोतंत खरा ठरला.

ते ओरडले नाहीत. फेऱ्या मारत शांतपणे म्हणाले, "शिकून झाल्यावर घरीच येणार ना? आणि पाव तर तुला येतोच. मग मधली ॲक्टिव्हिटी काढून टाकू. इथेच राहा, बाहेरून बी.कॉम. कर." रेवा म्हणाली, "व्हॉट इफ आय डोन्ट कम बॅक, बाबा?" त्यांनी टीपॉयवरचं ते पुस्तक उचललं, शेवट उघडला आणि तिच्यासमोर धरला. "हे बघ. एवढा कप मिळवला, तरी शेवटी कुठे आली?"

रेवानं पुस्तक मिटून जागेवर ठेवलं आणि खोलीत गेली. दोन घरांमधली भिंत पातळ होती हे मी सांगितलंच आहे. मी सगळं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. तशीच लाटणं घेऊन गेले. म्हटलं, "साहेब, चित्राच्या पुस्तकावरून पोरीचं आयुष्य ठरवताय? तुमची सोबत जाईल म्हणून तिनं बी.कॉम. करायचं? तिला जाऊ द्या."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "छत्रीवालीसुद्धा आधी मैत्रीणच असते. शेवटी पोरीच्या ओव्हनमध्ये पाणी ओतते."

दुसऱ्या दिवशी हारिसनं मला विचारलं, तुमचं भांडण झालं का. इमारतीत बातमी पोचली होती, की परीक्षक बाईची बदली होऊन ती छत्रीवाली झाली. त्या शुक्रवारी पाव आला नाही. पुढच्याही नाही. मला राग आला होता, आणि मनापासून वाईटही वाटत होतं. भिंतीपलीकडे स्लीपर पहिल्यापेक्षा जास्त वाजत होत्या. ॲडमिशनची मुदत जवळ येत होती आणि रेवा माझ्या स्वयंपाकघरात येऊन नुसती बसत असे. तिला बापाला दुखवून जायचं नव्हतं, आणि राहिली असती तर मनातून सुकली असती. मी नवऱ्याला म्हटलं, काहीतरी करा. तो म्हणाला, साहेबांना कोण सांगणार.

सांगणारा आपसूक आला. कंपनीत एक नवा जपानी इंजिनिअर आला होता, तरुण, एकटा. साहेबांनीच त्याला शनिवारी दुपारी जेवायला बोलावलं आणि लोकलज्जेस्तव आम्हालाही. मी गेले, कारण स्वयंपाक रेवा करणार होती. जेवण झालं. साहेब पाहुण्याला म्हणाले, थांबा, तुमच्या देशाची एक वस्तू दाखवतो, आणि पुस्तक पुढे केलं. रेवा झटकन उठली. "बाबा, लीव्ह इट, ही इज टायर्ड." पण ते त्याच्या हातात गेलं होतं.

त्याला आनंद झाला. लहानपणी वाचलेलं होतं म्हणे. त्यानं पुस्तक हातात उलटं फिरवलं, आपण जे शेवटचं पान समजत होतो ते उघडलं, आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत म्हणाला, "फर्स्ट पेज व्हेरी सॅड. गर्ल इज स्मॉल. नो मदर. फादर टीच ब्रेड."

तो पान उलटत गेला. "देन शी गो टू सिटी. फादर से गुडबाय." स्टेशनवरचा हात वर केलेला बाप आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग झाडू, लहान बेकरी, मोठी बेकरी. छत्रीवाली, जी आधी पाणी ओतते आणि नंतर मैत्रीण होते. आणि सगळ्यांत शेवटी झेंडे, फुलं, कप.

साहेबांच्या हातातल्या किल्ल्या कधी टेबलावर ठेवल्या गेल्या ते मला कळलं नाही. ते रेवाकडे वळले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"बाबा, आम्हाला स्कूलमध्ये ॲरेबिक होतं." त्या दिवशी ती मराठीत बोलली. "मी पहिल्यांदा घेतलं तेव्हा तसंच उघडलं. राइट साइडनी."

"मग सांगितलं का नाहीस एवढी वर्षं?"

"तुम्हाला तो एंड खूप आवडायचा."

पाहुणा बिचारा गोंधळला होता. आपलं काही चुकलं की काय, म्हणून सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होता. साहेबांनी त्याला धीर दिला, छान सांगितलंत म्हणाले, आणि मग विचारलं, "अँड द फादर? व्हेन डझ ही कम अगेन?"

त्यानं प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. मागची पानं चाळली, पुढची चाळली. मग मान लववून म्हणाला, "फादर, ओन्ली फर्स्ट चॅप्टर. सॉरी."

मी त्यांना एवढं निश्चल बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. पाहुण्याला खाली सोडायलासुद्धा ते उठले नाहीत. माझा नवरा गेला. रेवानं ताटं उचलली. मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिले, एकच जागा पुन्हा पुन्हा. शेवटी मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, "साहेब, चहा टाकू का?" ते म्हणाले, "टाका." त्यांनी चहा बसून प्यायला.

पुढचे काही दिवस ते संध्याकाळी समुद्राच्या कडेनं मंगफच्या दिशेनं चालत जायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. मग गुरुवारी आमची बेल वाजली. दारात ते, बगलेत पुस्तक. आत आले, खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले.

"रेवाकडून सगळं समजून घेतलं, वहिनी. उजवीकडून." ते पानांवर अंगठा फिरवत राहिले. "पोरगी पहिल्या प्रकरणात गेली नसती, तर पुस्तक सहा पानांत संपलं असतं. बाप आणि ती, मळताहेत पीठ. कोण वाचेल?"

"मग?"

"मग काय. जाऊ दे तिला." आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती छत्रीवाली शेवटी चांगली निघते."

मी मान हलवली.

जुलैत रेवा गेली. आम्ही तिघं तिला विमानतळावर सोडायला गेलो होतो. बॅगा भरताना त्यांनी तिला काय न्यावं आणि काय नेऊ नये यावरून एवढा उच्छाद मांडला होता, की तिथे पोचेपर्यंत कोणाजवळ बोलायला काही उरलंच नाही. आत जाताना तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिची पाठ थोपटली आणि घड्याळ बघितलं. ती काचेपलीकडे गेली, वळली. ते हात वर करून उभे राहिले, आणि ती दिसेनाशी झाल्यावरही तो हात खाली यायला वेळ लागला. त्यांना काय आठवत होतं ते मला माहीत होतं, म्हणून मी दुसरीकडे बघितलं.

परत येताना गाडी नवरा चालवत होता, ते पुढे बसले होते. बाहेर धूळ उठली होती, समोरच्या गाड्यांचे लाल दिवे तेवढे दिसत होते. ते किल्ल्यांशी खेळत नव्हते, पाय हलवत नव्हते. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "वहिनी, त्या पुस्तकातला बाप पहिल्या प्रकरणानंतर दिवसभर करत काय असेल हो?"

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी रडले असते तर त्या माणसानं कुणाकडे बघायचं?

"शेजारी जेवायला जात असेल," मी म्हटलं.

अबू हलीफाचं वळण आलं, गाडी हळू झाली.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.